एकच व्हाउचर दोघांना कसं जातं? फॉर्म भरणाऱ्यांना सवलतीचे कोड देताना होणारे घोळ

‘कोड टाकला की आधीच वापरला आहे असं येतंय.’

फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला एकदाच चालणारं सवलतीचं व्हाउचर द्यायचं, हे काम ज्याने कधी अंगावर घेतलंय त्याला हे वाक्य पाठ असतं. जोडीला ‘मला दोन मेल आले, दोन्हींत वेगळे कोड आहेत’, ‘मला आणि मैत्रिणीला एकच कोड आलाय’ आणि ‘मला काहीच आलं नाही’ ही मंडळीही ठरलेली. दर वेळी आपण फॉर्मच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधत बसतो आणि तिथे काही सापडत नाही. फॉर्मचं काम उत्तर आत घेण्यापुरतं. घोळ होतो तो उत्तर आत आल्यावर आणि मेल बाहेर पडण्याआधी, नाहीतर थेट दुकानाच्या चेकआउटवर.

खाली मी गुगल फॉर्म्स आणि त्याला जोडलेली शीट धरून लिहितोय, कारण बहुतेकांचा कारभार तिथेच चालतो. मायक्रोसॉफ्टवाल्यांसाठी मध्ये एक तुकडा आहे.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. सबमिट केल्यावर दिसणारा आभाराचा संदेश सगळ्यांना सारखाच असतो, त्यात प्रत्येकाला वेगळा कोड दाखवता येत नाही. तिथे कोड लिहून ठेवलात तर त्याची जाहिरात होते, आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या तरी ग्रुपवर फिरायला लागतो. म्हणजे कोड मेलनेच पाठवायचा, आणि त्यासाठी ‘कोणाला कोणता’ हे शीटमध्ये कुठेतरी ठरायला हवं. पहिला खड्डा तिथेच आहे, आणि मी त्यात पडलोय.

ओळीवर विसंबलो आणि फसलो

पहिल्यांदा हे जमवलं तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. एका टॅबवर उत्तरं, दुसऱ्या टॅबवर दुकानातून काढून आणलेले कोड, त्यांना ओळीने क्रमांक. उत्तरांशेजारी डोक्यावर एक ॲरेफॉर्म्युला (अख्ख्या कॉलमला एकदम लागू होणारं सूत्र), त्याच्या पोटात व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारं फंक्शन): ओळीच्या क्रमांकातून एक वजा कर आणि तितकावा कोड आण. दुसऱ्या ओळीला पहिला कोड, तिसऱ्या ओळीला दुसरा. स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, तो कोड उचलून मेल करणार.

माझ्या चाचणीच्या उत्तरासकट ४७ उत्तरं आली, ४७ मेल गेले. मग एका सहकाऱ्याने शीट उघडली, दुसऱ्या ओळीतलं ‘टेस्ट टेस्ट’ त्याच्या डोळ्यांत खुपलं आणि त्याने ती ओळ डिलीट केली. चांगल्या मनानेच.

एक ओळ गेली, खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या, आणि सूत्राने इमानेइतबारे सगळ्यांचे कोड नव्याने मांडले. ४८व्या ओळीतल्या बाईंना ४७वा कोड मेलने गेलेला होता. त्या आता ४७व्या ओळीत, शेजारी ४६वा कोड. पुढचं नवं उत्तर रिकाम्या झालेल्या ४८व्या ओळीत येऊन बसलं आणि त्यालाही ४७वाच कोड गेला. त्या माणसाने तो लगेच वापरला. बाईंची तक्रार आली. मी शीट उघडली, त्यांच्या नावापुढे ४६वा कोड दिसला, आणि ‘क्षमस्व, तुमचा बरोबर कोड हा’ म्हणून तो पाठवून दिला. तो अर्थातच त्यांच्या आधीच्या माणसाचा होता. दोघांत झालेला घोळ मी स्वतःच्या हाताने तिसऱ्यापर्यंत पोचवला.

डिलीटच करायला हवं असं नाही. कोणी ती शीट नावांच्या क्रमाने सॉर्ट केली तरी हेच होतं. कोड रँडबिटवीनने शीटमध्येच तयार करत असाल तर त्याहून वाईट, कारण ते फंक्शन शीटमध्ये कुठेही काही बदललं की नवा आकडा काढतं. मेलमध्ये गेलेला कोड पुढच्या मिनिटाला शीटमध्ये शोधून सापडत नाही.

सूत्र उत्तर काढतं, आणि परिस्थिती बदलली की पुन्हा काढतं. ते त्याचं कामच आहे. व्हाउचर मात्र एकदा दिलं की दिलं. पावतीपुस्तकातली पावती फाडून दिल्यावर स्थळप्रतीवरचं नाव पुढच्या गिऱ्हाइकामुळे बदलत नाही, तसं. म्हणून कोड कोणाला दिला ही नोंद सूत्राने दाखवायची नाही, ती अक्षरशः लिहायची. आणि उत्तरांच्या नव्हे, कोडांच्या टॅबवर लिहायची: कोड, कोणाच्या मेलवर, केव्हा दिला, मेल केव्हा गेला. चार कॉलम. उत्तरांची शीट मग कोणी सॉर्ट करो नाहीतर डिलीट करो, दिलेला कोड जागचा हलत नाही. (लोकांना सॉर्ट करायचंच असेल तर फिल्टर व्ह्यू वापरायला सांगा, त्यात मूळ ओळी हलत नाहीत. पण सांगून लोक ऐकतात यावर योजना आखू नका.)

तक्रार आली की मी आता आधी पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या माणसाला खरोखर काय गेलं ते बघतो. शीट त्यानंतर.

थोडी उत्तरं असतील तर स्क्रिप्ट नको

हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझे वाद झालेले आहेत. दिवसाला पंधरावीस उत्तरं येणार असतील तर दिवसातून एकदा बसा, नव्या उत्तरांचे मेल पत्ते कॉपी करा, कोडांच्या टॅबवर पहिल्या रिकाम्या ओळीपासून कंट्रोल शिफ्ट व्ही करून फक्त मजकूर पेस्ट करा, आणि मेल मर्जने (एकाच मेलमध्ये ज्याचा त्याचा कोड आपोआप भरून पाठवण्याच्या सोयीने) पाठवा. आभाराच्या संदेशात ‘२४ तासांत कोड मेलवर येईल’ एवढं लिहिलंत की कोणी कुरकुरत नाही. पाठवण्याआधी यादीवरून नजर फिरते, एकाच माणसाची तीन उत्तरं डोळ्यांना दिसतात, आणि पुढे लिहिलेल्यातले निम्मे घोळ तुमच्या वाटेलाच येत नाहीत.

स्क्रिप्ट लागते ती उत्तरं झुंडीने येतात तेव्हा. आणि झुंड आली की दुसरा घोळ.

दोघे एकाच क्षणी

मेल पाठवून किंवा कार्यक्रमात जाहीर करून फॉर्म उघडलात की पहिल्या दोन मिनिटांत उत्तरांचा लोंढा येतो. प्रत्येक उत्तरामागे तुमची स्क्रिप्ट स्वतंत्रपणे चालू होते. पहिली शीटवर जाते, बघते: २३वा कोड रिकामा. ती त्याच्यापुढे नाव लिहिणार एवढ्यात दुसरीही तिथे पोचलेली असते, तिलाही २३वा रिकामाच दिसतो. दोघी २३व्यापुढे लिहितात, नंतर लिहिणारीचं नाव राहतं, मेल मात्र दोघींचे गेलेले असतात. शीट बघाल तर सगळं स्वच्छ. म्हणूनच हा घोळ सापडायला वेळ लागतो. चाचणी करताना आपण एकटे एकेक उत्तर भरतो, तेव्हा तर तो कधीच दिसत नाही.

ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गुगलची स्क्रिप्ट जिथे लिहितात तिथे, यावर लॉकसर्व्हिस आहे. स्क्रिप्ट लॉक घ्यायचं, वेटलॉकला मिलिसेकंदांत मुदत द्यायची (मी ३०००० देतो, म्हणजे अर्धा मिनिट), मग रिकामा कोड शोधायचा, नाव लिहायचं, लॉक सोडायचं. दाराला एकच किल्ली. आतला बाहेर आल्याशिवाय दुसरा आत जात नाही.

इतकं करूनही दुहेरी कोड जाताहेत असं सांगणारे मला भेटलेत. बहुतेकांच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ राहिलेली होती: लॉक सोडण्याआधी स्प्रेडशीटॲपचं फ्लश. शीटवर लिहायला सांगितलं की ते त्याच क्षणी लिहिलं जाईलच असं नाही. स्क्रिप्ट बदल साठवून एकदम करते. तुम्ही लॉक सोडलंत, पुढची स्क्रिप्ट आत आली, आणि तुमचं लिखाण अजून कागदावर उतरलेलंच नाही. फ्लश केलं की ते उतरतं. आधी फ्लश, मग लॉक सोडणं, आणि मेल पाठवणं त्याच्याही नंतर. मेलला वेळ लागतो, तेवढा वेळ बाकीच्यांना दारात उभं करायचं कारण नाही.

पॉवर ऑटोमेटवर (मायक्रोसॉफ्टचं कामं आपोआप करणारं साधन) मायक्रोसॉफ्ट फॉर्म्सचा फ्लो, म्हणजे पायऱ्यांची साखळी, असेल तर हीच गोष्ट तिथे ट्रिगरच्या (उत्तर आलं की काम सुरू करून देणारा भाग) सेटिंगमध्ये आहे. कन्करन्सी कंट्रोल चालू करा आणि आकडा १ ठेवा; नाहीतर फ्लो एकाच वेळी अनेक चालतात. एकदा चालू केलेलं ते बंद करता येत नाही, ट्रिगर काढून नवा लावावा लागतो. तिथलाच आणखी एक सापळा: एक्सेल टेबलमधल्या ओळी आणणारी पायरी आपण सांगितल्याशिवाय फक्त २५६ ओळी आणते. तुमची यादी ५०० कोडांची, पहिले २५६ संपले, आणि फ्लो म्हणतो कोड शिल्लक नाहीत. पेजिनेशन चालू करा.

एकाच माणसाला दोन मेल

इथे आधी ट्रिगर मोजा. ॲप्स स्क्रिप्टच्या डाव्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह आहे, तिथे यादी दिसते. ‘चालत नाहीये वाटतं’ म्हणून दुसऱ्यांदा लावलेला ट्रिगर, किंवा एक फॉर्मच्या स्क्रिप्टमध्ये आणि एक शीटच्या स्क्रिप्टमध्ये, हे नेहमीचे यशस्वी कलाकार. सहकाऱ्यानेही त्याच्या खात्यातून ट्रिगर लावला असेल तर त्याला त्याच्या लॉगिनमधून बघायला सांगा.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. फॉर्ममध्ये ‘सबमिट केल्यावर उत्तर बदलता येईल’ हे चालू असेल तर कोणी नावातली चूक सुधारून पुन्हा सबमिट केलं की ट्रिगर पुन्हा उडतो. आणि त्या वेळी शीटच्या ट्रिगरच्या हातात फक्त बदललेली उत्तरं असतात, बाकीच्या जागा रिकाम्या येतात. मेलचा पत्ता बदललेला नसेल तर तोही रिकामा. म्हणजे स्क्रिप्ट एकतर पत्ता नाही म्हणून कोलमडते, किंवा रिकाम्या नावावर एक कोड वाया घालवते. एक्झिक्यूशन्सच्या यादीत (स्क्रिप्ट केव्हा चालली आणि काय झालं याची नोंद) लाल रंगात अधूनमधून अपयश दिसतंय आणि कारण कळत नाहीये, असं असेल तर हे बघा. उत्तर बदलण्याची सोय बंद करणं सगळ्यात सोपं.

तरी कारण काहीही असो, कोड देण्याआधी, लॉकच्या आतच, ‘या पत्त्यावर आधी कोड गेलाय का’ हे स्क्रिप्टने तपासायलाच हवं. गेला असेल तर नवा द्यायचा नाही. तपासताना पत्त्याच्या आगेमागच्या मोकळ्या जागा काढा, सगळी अक्षरं लहान करा. जीमेलच्या पत्त्यात टिंबं कुठेही टाकली तरी पत्ता तोच राहतो, आणि अधिकचं चिन्ह घालून त्यापुढे काहीही लिहिलं तरी मेल त्याच पेटीत येतो. एका माणसाचे दहा पत्ते असे होतात. ‘एकाला एकच उत्तर’ हे सेटिंग लावलं तर गुगलमध्ये लॉगिन करणं सक्तीचं होतं आणि काही लोक तिथूनच परत फिरतात. सवलत मोठी असेल तर ते सोसा. पाचदहा टक्क्यांची सवलत असेल तर दोन खाती काढणाऱ्याच्या मागे लागू नका, तुमचा वेळ जास्त महाग आहे.

काहीच आलं नाही

स्पॅम बघायला सांगण्याआधी स्वतःचा कोटा बघा. साध्या वैयक्तिक गुगल खात्यातून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो, वर्कस्पेस खात्यातून १५००. लोंढ्याच्या दिवशी १०१व्या माणसापासून सगळे कोरडे राहतात, आणि त्यांना कोड मात्र दिले गेलेले असतात. त्या चौथ्या कॉलमचा, मेल केव्हा गेला याचा, उपयोग इथे. दर तासाला चालणारं एक छोटं फंक्शन ठेवा: कोड दिलाय पण मेलची वेळ रिकामी आहे अशा ओळी शोध, कोटा किती उरलाय ते विचार, तितक्यांना पाठव, वेळ लिही.

पत्ता चुकलेला असेल तर परत आलेले मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये पडलेले असतात. फॉर्मची तपासणी पत्त्याचा फक्त आकार बघते. जीमेलच्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटी पडली तरी ती खुशाल आत सोडते.

कोडच मोडलेला

दुकानातून कोडांची फाइल उतरवली, शीटमध्ये पेस्ट केली, आणि पेस्ट करतानाच काही कोड मेले. शून्यांनी सुरू होणारा आकडी कोड: पुढची शून्यं गायब. नुसते आकडे आणि मध्ये एक रोमन ई, म्हणजे ५२८३ई२७१ असा काही: शीटला वाटतं की ५२८३ गुणिले दहाचा २७१वा घात, आणि मेलमध्ये दशांशचिन्ह आणि अधिकचं चिन्ह असलेलं काहीतरी अगम्य जातं. महिन्याच्या इंग्रजी लघुरूपापुढे आकडा असला की तारीख. एक्सेलच्या याच खोडीपायी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलून टाकली, तेव्हा आपण कोण. पेस्ट करायच्या आधी त्या कॉलमचा फॉरमॅट साधा मजकूर करा. नंतर करून गेलेली शून्यं परत येत नाहीत.

कोड स्वतः बनवत असाल तर चार आकड्यांवर भागवू नका. एकूण शक्यता १०,०००. न तपासता काढलेल्या सुमारे १२० कोडांतच दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. शिवाय ५०० कोड चालू असतील तर अंदाजाने टाकलेला दर विसावा आकडा लागतो. रोमन अक्षरं आणि आकडे मिळून ३६ चिन्हं, त्यांतून शून्य आणि ओ, एक, आय आणि एल ही गोंधळात पाडणारी काढली की ३१ उरतात. आठ जागांचा कोड घेतला तर सुमारे ८५ हजार कोटी जोड्या होतात. फोनवरून कोड वाचून दाखवणाऱ्याचाही त्रास वाचतो.

दुकानाच्या बाजूला

वरचं सगळं नीट असूनही एक कोड पाच जण वापरताहेत? मग ‘एकदाच’ हा शब्द दुकानाच्या सॉफ्टवेअरला कळलेलाच नाही. वूकॉमर्समध्ये ‘इंडिव्हिज्युअल यूज ओन्ली’ अशी एक चौकट आहे. नाव वाचून लोक ती टिचकवतात आणि निर्धास्त होतात. तिचा अर्थ आहे, हे कूपन दुसऱ्या कूपनासोबत चालणार नाही. एवढाच. एकदाच वापराची मर्यादा वेगळ्या टॅबवर आहे: ‘यूसेज लिमिट पर कूपन’, तिथे १. त्याच्याच जवळ ‘पर यूजर’ आहे, ते भरून भागत नाही. शॉपिफायमध्येही हीच जोडी आहे: एकूण किती वेळा वापरता येईल, आणि एका ग्राहकाला एकदाच. दुसरंच फक्त निवडलं तर जगातला प्रत्येक ग्राहक तो कोड एकेकदा वापरू शकतो.

आणि मेलमध्ये कोडाऐवजी ‘कोड बघण्यासाठी इथे क्लिक करा’ अशी लिंक पाठवत असाल, आणि ती उघडताच कोड वापरला गेल्याची नोंद होत असेल, तर ती व्यवस्था मोडा. पुष्कळ कार्यालयांत येणाऱ्या मेलमधल्या लिंक सुरक्षेसाठी यंत्रच आधी उघडून बघतं. माणसाने मेल वाचायच्या आत त्याचा कोड खर्ची पडलेला असतो. नुसतं पान उघडलं म्हणून काही होऊ नये. त्यावर बटण ठेवा आणि नोंद बटण दाबल्यावर करा. मी तर कोड सरळ मेलमध्येच लिहितो.

आधीच दोघांना गेलेला कोड निस्तरायचा असेल तर दोघांनाही नवा द्या, पण त्याआधी जुना दुकानात जाऊन बंद करा. हा क्रम उलटा झाला की तिसरा घोळ सुरू होतो. नवे कोडही त्याच टॅबवर, त्याच चार कॉलमांतून जाऊ द्या. घाईत हाताने उचलून पाठवलेला कोड स्क्रिप्टच्या दृष्टीने रिकामाच असतो, आणि पुढच्या उत्तराला ती तोच देते.

शेवटचा कोड संपल्यावर काय होतं हेही एकदा मुद्दाम करून बघा: चाचणीच्या फॉर्मला तीनच कोड द्या आणि दोन ब्राउझरमधून चौथं आणि पाचवं उत्तर एकदम सबमिट करा. माझी स्क्रिप्ट पहिल्यांदा ‘तुमचा कोड:’ आणि पुढे काहीच नाही असा मेल पाठवत होती. आता २० कोड उरले की ती मला मेल करते, आणि संपले की फॉर्म स्वतःच उत्तरं घेणं थांबवतो.